कानांसाठी काय घ्यावं: स्वावलंबनाचं पुस्तक की सैनिकाच्या आठवणी?

महिन्याला एकच ऑडिओबुक घ्यायचं ठरवलं असेल आणि ओढा दोन्हीकडे असेल, तर कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. एकीकडे आपलं आपण पिकवावं, बांधावं, दुरुस्त करावं असं शिकवणारी स्वावलंबनाची पुस्तकं. दुसरीकडे सैन्यात राहून आलेल्यांच्या आठवणी. ॲपच्या यादीत ही दोन्ही वरचेवर शेजारीशेजारी दिसतात आणि ते उगाच नाही. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी डिक प्रेनेकी अमेरिकी नौदलात भरती झाला आणि तिथे सुतारकाम करू लागला. त्याच माणसानं पुढे 1968 मध्ये अलास्कातल्या एका तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी ओंडक्यांचं घर बांधलं आणि तो तीसेक वर्षं तिथे राहिला. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा त्यानं लाकडाच्याच केल्या. दोन्ही प्रकारच्या पुस्तकांच्या मुळाशी प्रश्न एकच असतो: पाठीशी कुणी नसताना माणूस निभावून नेतो ते कसं?

गेली चार वर्षं मी दोन्ही ऐकतो आहे. ॲप कोणतं आणि हेडफोन कोणते हे तुम्ही ठरवलंच असेल, त्यात शिरत नाही. मला बोलायचं आहे ते एवढंच, की यातलं कोणतं पुस्तक कानांना पेलतं.

सुरुवात मी स्वावलंबनाच्या पुस्तकांनी केली. हिशेब साधा वाटला होता: काम हातांचं, कान रिकामे. माती उकरताना, फळ्या तासताना पुस्तक चालू ठेवलं तर शिकणं आणि करणं बरोबरीनं होईल. काही अंशी ते होतंही. काही गोष्टी कानांतून गेल्या की पक्क्या बसतात. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी, हे एकदा ऐकलं की पुन्हा विचारावं लागत नाही. बी पेरायचं ते त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, हेही तसंच. कंपोस्टच्या ढिगात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असावं लागतं, म्हणून नुसता ओला हिरवा कचरा टाकून भागत नाही, वाळका पालापाचोळाही लागतो. कारण कळलं की आकडाही लक्षात राहतो. आणि चांगला निवेदक असेल तर ही पुस्तकं उमेद फार देतात. दमून बसलेला माणूस उठून पुन्हा फावडं हातात घेतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

अडचण येते ती प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी. माझं मन ज्या दिवशी फिरलं तो दिवस सांगतो.

छपरावरचं पाणी टाकीत घ्यायचं होतं. पहिल्या सरीबरोबर धूळ, पानं, पक्ष्यांची शीट असं सगळं येतं, म्हणून ते पहिलं पाणी बाजूला काढणारा पाइप आधी बसवायचा. रचना सोपी आहे. टी-जोडाचं एक तोंड पन्हळीकडे, दुसरं टाकीकडे, तिसरं खाली उभ्या पाइपात. उभ्या पाइपात एक हलका चेंडू असतो. पाइप मळक्या पाण्यानं भरला की चेंडू तरंगत वर येतो, कडेवर बसून तोंड बंद करतो आणि मागून येणारं स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. प्रकरण दोनदा ऐकून झालं होतं, तिसऱ्यांदा ऐकत काम करत होतो. पीव्हीसीच्या पाइपाला सोल्यूशन लावलं. ते लावलं की हातात मोजके सेकंद असतात. तेवढ्यात पाइप जोडात घुसवायचा, जरासा फिरवायचा आणि धरून ठेवायचा. नेमकं तेव्हाच कानात आलं: चेंडू अडवणारी कड कोणत्या बाजूला तोंड करून बसवायची, ते सोबतच्या पीडीएफमधल्या आकृती 6 मध्ये पाहा.

फोन खिशात, दोन्ही हात चिकट, सोल्यूशन सुकत चाललेलं. अंदाजानं बसवलं. पुढच्या पावसात चेंडू वर आला, पण कडेवर बसलाच नाही, आणि मळकं पाणी सरळ टाकीत गेलं. जोड सुटणं शक्य नव्हतं, पाइप कापावा लागला. त्याच संध्याकाळी पीडीएफ शोधायला गेलो तर ती मिळाली नाही. पुस्तक वाचनालयाच्या ॲपवरून उसनं घेतलं होतं आणि तिथे नुसता आवाज दिलेला होता. आकृती 6 मी आजतागायत पाहिलेली नाही.

ही एक कटकट दिसायला लहान आहे, पण माझ्यापुरता निकाल तिनंच लावला. त्यानंतर मी लक्ष देऊन ऐकू लागलो, तेव्हा कळलं की हे एका पुस्तकापुरतं नाही. गाठ कशी मारायची, सांध्याला खाच कशी पाडायची, कलम कुठे कापायचं, सगळीकडे निवेदक त्या वळणावर येऊन थांबतो आणि डोळ्यांकडे बोट दाखवतो. यात त्याचा दोष नाही. पुस्तक लिहिलं गेलं ते पानावर बोट ठेवून वाचण्यासाठी, आणि आवाजाला बोट ठेवायला जागा नसते. तक्ता वाचून दाखवला तर फारच दमछाक होते: तीन मिनिटं आकडे ऐकायचे आणि शेवटी आपल्याला हवी असलेली ओळ कोणती होती तेच आठवत नाही.

एके ठिकाणी तर हे धोक्याचंच वाटतं. भाज्यांसारखे आम्लता कमी असलेले, म्हणजे 4.6 च्या वर पीएच असलेले पदार्थ बरणीत बंद करून टिकवायचे तर उकळतं पाणी पुरत नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू त्यात मरत नाहीत. प्रेशरखाली सुमारे 116 अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता न्यावी लागते, आणि किती दाब, किती मिनिटं, हे बरणीच्या आकारावर आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरतं. ही माहिती भांडी घासता घासता ऐकण्यासारखी नव्हे. 30 सेकंद मागे नेणारं बटण आहे, मान्य. पण आपण चुकीचं ऐकलं आहे हे आधी कळायला हवं, तरच माणूस ते बटण दाबतो.

याला एक अपवाद आहे, आणि मुद्दा खरा उलगडला तो त्यातूनच. थोरो हा अमेरिकी लेखक 1845 ते 1847 वॉल्डन तळ्याकाठी राहिला. आपल्या झोपडीचा खर्च त्यानं कलमवार मांडला आहे: फळ्या 8 डॉलर साडेतीन सेंट, खिळे 3 डॉलर 90 सेंट, खडू 1 सेंट, एकूण 28 डॉलर साडेबारा सेंट. हाही तक्ताच. तरी ऐकताना तो कंटाळवाणा होत नाही, उलट कान टवकारतात. कारण त्या आकड्यांवरून आपल्याला काही बांधायचं नसतं. एक सेंटचा खडूही न विसरणारा माणूस त्यातून समोर येतो. त्या दिवसापासून स्वावलंबनाच्या पुस्तकांचे मी मनात दोन ढीग केले. कसं करावं हे सांगणारी एका बाजूला, मी कसं केलं हे सांगणारी दुसऱ्या. कानांना दुसरा ढीग मानवतो.

आणि सैनिकांच्या आठवणी जवळपास सगळ्याच त्या दुसऱ्या ढिगात बसतात.

ग्रँट यांच्या आठवणींचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या यादवी युद्धातले सेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष, आणि शेवटी दिवाळं निघालेले. घशाच्या कर्करोगानं ग्रासलेले असताना कुटुंबाची सोय लागावी म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. आधी काही भाग तोंडानं सांगून लिहून घेतला. आवाज गेला तेव्हा स्वतः लिहू लागले. पुस्तक हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत, 23 जुलै 1885 रोजी ते गेले. पुढे ते पुस्तक लेखक मार्क ट्वेन यांच्या प्रकाशन संस्थेनं काढलं. हे ठाऊक असताना ते दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकणं हा वेगळाच अनुभव आहे. वाक्यं लहान, सरळ, हुकूम द्यावा तशी. जो मुद्दा सांगायचा तो एका दमात सांगून पुढे. कानाला कुठे अडखळायला होत नाही, कारण वाक्यांची चाल बोलण्याचीच आहे.

थोरो आणि ग्रँट दोघांचंही लेखन स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलेलं असल्यामुळे लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर फुकट मिळतं. तिथे 2005 पासून स्वयंसेवक अशी पुस्तकं वाचून ठेवत आहेत. मात्र काही पुस्तकांत दर प्रकरणाला आवाज बदलतो. आठवणींच्या पुस्तकात ते मला खटकतं, एकाच माणसाच्या अंगात रोज नवा माणूस शिरल्यासारखं वाटतं. शक्यतो एकानंच पूर्ण वाचलेली प्रत निवडा.

सैनिक आणि बोलकी पुस्तकं यांचं नातं तसं जुनं आहे. 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत दृष्टी गमावलेले इयन फ्रेझर पुढे ब्रिटनमध्ये दृष्टिहीन सैनिकांसाठी काम करणाऱ्या सेंट डन्स्टन्स संस्थेचे प्रमुख झाले. बोलक्या पुस्तकांसाठी त्यांनी खटपट केली आणि 1935 मध्ये तिथली सेवा सुरू झाली. 12 इंची तबकडी, एका बाजूला सुमारे 25 मिनिटं. एका कादंबरीला तबकड्यांची चळत लागायची. आपण ज्याला सोय म्हणतो ती कुणाची तरी निकड होती, हे लक्षात ठेवून ऐकलेलं बरं.

या बाजूलाही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे संक्षेप. पलटणी, हुद्दे, शस्त्रं, सगळ्यांची आद्याक्षरं. छापील पुस्तकात मागे सूची असते, कानांत ती मिळत नाही. दुसरी, नकाशा. कोण कोणत्या टेकडीवर होतं हे समजलं नाही तर अर्धी लढाई हरवते. यावर माझा तोडगा असा, की सुरुवात करण्याआधी त्या प्रदेशाचा नकाशा दहा मिनिटं शांतपणे पाहून घेतो. ऐकताना पाहत नाही. तेवढं पुरतं. चेंडूच्या कडेसारखा जीव टांगणीला लागत नाही, कारण टेकडी डावीकडची की उजवीकडची यात गफलत झाली तरी माणसाच्या मनात काय चाललं होतं ते पोचतंच.

लेखकानं स्वतः वाचलेलं असेल तर मी तेच घेतो. व्यावसायिक निवेदक उच्चारात, श्वासात नक्कीच सरस असतो. पण एका निवृत्त सैनिकाच्या पुस्तकात मित्राचं नाव आलं आणि वाक्य पुरं होण्याआधी दोनएक सेकंद काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, फोन बंद पडला. मग त्याच सपाट आवाजात पुढचं वाक्य आलं. ती शांतता छापील पानावर कशी उमटणार? अशी पुस्तकं मी वेग वाढवून ऐकत नाही. निवेदनाच्या नेहमीच्या गतीला तासाला नऊ हजारांच्या आसपास शब्द होतात, तेवढेच खूप आहेत.

मात्र याच गुणात एक मोठी जोखीम आहे, आणि माझा कल इकडे असला तरी ती लपवणं बरं नव्हे. आवाजावर आपला विश्वास पटकन बसतो. हिरू ओनोदा या जपानी अधिकाऱ्याचं उदाहरण मला सगळ्यात अवघड वाटतं. दुसरं महायुद्ध संपल्याचं न मानता तो फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर जंगलात राहिला आणि मार्च 1974 मध्ये त्याचे जुने वरिष्ठ प्रत्यक्ष येऊन हुकूम देईपर्यंत त्यानं शस्त्र खाली ठेवलं नाही. पुढे त्यानं मुलांना निसर्गात टिकून राहायला शिकवणारी शाळाही काढली. सैनिकी आणि स्वावलंबन दोन्ही एकाच माणसात, कुणालाही भुरळ पडावी असं. पण ते टिकून राहणं बेटावरच्या गावकऱ्यांच्या गाईंवर आणि पिकांवर होतं, आणि त्यात गावकऱ्यांचे जीवही गेले. त्यांचा आवाज आपल्या कानांत कुणी भरत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूचं काही हाताशी असल्याशिवाय मी अशा आठवणी एकट्या ऐकत नाही.

आता निवडीचं. तुमच्याकडे छापील प्रत आधीच असेल आणि उजळणीसाठी आवाज हवा असेल, तर स्वावलंबनाचं पुस्तक जरूर घ्या, तिथे ते उत्तम चालतं. नकाशा-संक्षेपांचा मुळातच कंटाळा असेल तरीही तेच घ्या. आणि कुणाचा कान माझ्यापेक्षा तयार असेल, ऐकून गाठ बांधता येत असेल, तर माझं म्हणणं बाजूला ठेवा. पण पहिलंच ऑडिओबुक घेत असाल आणि हात कामात गुंतलेले असताना ऐकणार असाल, तर मी म्हणेन, सैनिकाच्या आठवणी घ्या, आणि स्वावलंबनाचं पुस्तक कागदावर घ्या, जमलं तर मोठ्या आकृत्यांचं.

तो पाइप मी महिन्याभरानं पुन्हा बसवला. या वेळी दुसरं, छापील पुस्तक जमिनीवर उघडं ठेवलं होतं, पान उलटू नये म्हणून त्यावर विटेचा तुकडा. कान मोकळे ठेवले. कड नीट पाहून घेतली, सोल्यूशन लावलं, पाइप फिरवून धरला. जोड पक्का झाल्यावर हात पुसले, हेडफोन घातले आणि सोल्यूशन पुरतं सुकेपर्यंत तिथेच बसून ग्रँट ऐकले.