फ्लाय बांधण्याचा वाइस : दहा महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्टमध्ये ॲडम्स या मासेमारीच्या कृत्रिम माशीचे (फ्लायचे) पंख उभे करून हॅकलचा, म्हणजे गळाभोवती गुंडाळायच्या पिसाचा, तिसरा वेढा घेत असताना १६ क्रमांकाचा गळ वाइसच्या, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, जबड्यांतून खाली घसरला आणि पाऊण तासाचे काम सैल पडले. त्याच रात्री लिहिले असते, तर हा अनुभव निव्वळ तक्रारीचा झाला असता.

लिव्हर दाबून जबडे आवळणारा हा फिरता वाइस मी डिसेंबरात ३,२०० रुपयांना मागवला. त्याचे फिरणे आणि टेबलाला अडकवण्याचा क्लॅम्प उत्तम आहेत. प्रश्न आहे तो जबड्यांचा. १९२२ साली मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी चार्ल्स ॲडम्स यांच्यासाठी बांधलेली ही माशी कोंबड्याच्या पिसांच्या कडक तंतूंवर तरंगते. तपकिरी आणि ग्रिझली (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे) अशी दोन पिसे एकत्र गुंडाळताना प्रत्येक वेढ्याचा ताण सारखा राहावा लागतो; गळ केसभर जरी हलला, तरी तंतू कलतात आणि माशी पाण्यावर एका कुशीवर पडते. तपकिरी पिसे मी गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेल्या गावठी कोंबड्याच्या मानेची वापरतो, ग्रिझली मात्र विकत घ्यावी लागतात. (रानकोंबड्याचे पीस कितीही देखणे असले तरी त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्याला हात लावू नये.)

जबड्यांच्या पोलादावर गंजरोधक मुलामा नाही. जुलैच्या दमट हवेत त्यांच्या आतल्या बाजूंवर तांबूस थर चढला, आणि विक्रेत्याने तो माझा निष्काळजीपणा ठरवून नव्या जबड्यांचे १,४०० रुपये मागितले. किनारपट्टीच्या राज्यात विकल्या जाणाऱ्या वस्तूबद्दल हे उत्तर मला आजही मान्य नाही.

तरीही एका बाबतीत मला मत बदलावे लागले. १२ वरून १६ क्रमांकाच्या, म्हणजे अधिक बारीक, गळाकडे वळताना जबड्यांमागची कडी फिरवून फट नव्याने जुळवायची असते. मी ती जुळवत नव्हतो आणि लिव्हरच अधिक जोराने दाबत होतो. फोंड्यातल्या एका लेथवाल्याने ८० रुपयांत जबड्यांच्या आतल्या बाजू घासून सपाट करून दिल्या. आता काम संपले की मी त्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचे बोट फिरवतो आणि पुढच्या वेळी बांधायला बसण्यापूर्वी ते पूर्ण पुसतो, कारण तेलकट जबड्यात गळ टिकत नाही आणि तेल पिसांनाही लागते.

त्यानंतर १६ क्रमांकाच्या चौदा ॲडम्स बांधल्या. एकही गळ हलला नाही. त्यांतल्या तीन ऑक्टोबरात, वाळपईच्या पुढे अभयारण्याच्या हद्दीबाहेर, म्हादईच्या संथ पाण्यावर सोडल्या, तेव्हा त्या तिन्ही सरळ उभ्या राहिल्या. याच किमतीत हा वाइस मी पुन्हा घेईन. ते १,४०० रुपये मात्र देणार नाही.