गाणी ऐकायला फ्लिप फोन: जुना वॉकमन की नवा नोकिया?

फ्लिप फोन घ्यायचं ठरलं आहे आणि तो मुख्यतः गाण्यांसाठी हवा आहे, तर दोन फोन विचारात घेण्यासारखे आहेत. एक म्हणजे सोनी एरिक्सनचा वॉकमन मालिकेतला डब्ल्यू९८०. तो २००८ चा आहे, म्हणजे वापरलेलाच शोधावा लागेल. दुसरा नोकिया २६६० फ्लिप. तो २०२२ मध्ये भारतात आला, तेव्हा किंमत ४,६९९ रुपये होती. पुण्यात राहणाऱ्याने यातला कुठलाही घेतला तरी फार बिघडत नाही. कोकणात, म्हणजे देवगड, मालवण, गुहागर, श्रीवर्धनकडे मात्र खारा वारा, पावसाळ्याची ओल, डोंगराआड गेलं की जाणारी रेंज आणि वारा सुटला की जाणारी लाईट, हे सगळं धरून हिशेब करावा लागतो.

गाण्यापुरतं बोलायचं तर डब्ल्यू९८० खूप पुढे आहे. फोन मिटलेला असताना वरच्या काळ्या काचेवर गाण्याची बटणं उजळतात. बोट टेकवलं की गाणं पुढे, मागे किंवा बंद. फोन उघडायचं कामच नाही. आवाज भरदार आणि स्वच्छ. पखवाजाची थाप आणि टाळांची किणकिण एकमेकांत मिसळून जात नाही, आणि भजन ऐकणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं? त्यात एफएम ट्रान्समीटरही आहे. फोनमधलं गाणं जवळच्या रेडिओवर किंवा गाडीच्या टेपवर लावता येतं, वायर न जोडता. त्यासाठी एफएमवर रिकामी जागा लागते. मुंबईत ती शोधताना जीव मेटाकुटीला येतो. आपल्या कोकणात स्टेशनं मोजकी, त्यामुळे पटकन सापडते.

नोकिया २६६० मध्ये यातलं काही नाही. साधा एमपीथ्री प्लेयर आणि रेडिओ. बाहेरच्या छोट्या पडद्यावर वेळ दिसते, पण गाणी बदलायला बाहेर वेगळी बटणं नाहीत. आवाज ठीक म्हणावा असा. तरीही बहुतेकांना मी हाच घ्यायला सांगेन, आणि त्याची कारणं गाण्याच्या बाहेर आहेत.

पहिलं कारण नेटवर्क. जिओ सुरुवातीपासून ४जीवरच चालतं, त्यामुळे जुन्या वॉकमनमध्ये जिओचं सिम टाकून उपयोग नाही. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने ३जी गुंडाळलं आहे. राहिलं २जी, त्यावर कॉल होतात. गावात जिओचीच रेंज चांगली येत असेल तर डब्ल्यू९८० तुमचा फोन राहत नाही, फक्त गाण्यांची डबी उरते. नोकिया ४जीवर चालतो आणि दोन सिम घेतो.

दुसरं कारण जागा. डब्ल्यू९८० मध्ये आतली ८ जीबी आहे, कार्ड टाकायची सोयच नाही. नोकिया ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड घेतो. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला ८ जीबी पुष्कळ झाली. पण सिंधुदुर्गातला भजनवेडा माणूस गाणी ठेवत नाही, तो डबल बाऱ्या ठेवतो, म्हणजे दोन बुवांमधले भजनाचे सामने. तीन तासांची एक बारी साध्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत सुमारे १७० एमबी होते. म्हणजे ८ जीबीत पंचेचाळीसेक बाऱ्या, ३२ मध्ये पावणेदोनशेच्या पुढे. शिवाय कार्ड काढून दुसऱ्याच्या फोनमध्ये घालता येतं, आणि गणपतीत वाडीभर रेकॉर्डिंग फिरतं ते असंच. एक काळजी घ्या: व्हॉट्सअॅपवर आलेली रेकॉर्डिंग अनेकदा एमपीथ्री नसतात, साध्या फोनवर ती वाजतीलच असं नाही. आधी बदलून घ्या आणि मग कार्डात टाका.

आता खारा वारा. फ्लिपमध्ये वरचा आणि खालचा भाग जोडणारी एक पातळ पट्टी बिजागरीतून जाते, दुरुस्तीवाले तिला फ्लेक्स म्हणतात. उघडझाक करून ती आधीच थकलेली असते, ओलीने तिच्या टोकांवर हिरवट थर चढतो, आणि मग फोन अर्धा उघडला की पडदा दिसतो, पूर्ण उघडला की पांढरा होतो. नव्या फोनची पट्टी मिळण्याची आशा तरी असते. सोनी एरिक्सन हे नाव २०१२ मध्येच संपलं. वॉकमनची पट्टी मिळते ती दुसऱ्या बंद पडलेल्या फोनमधून काढलेली, म्हणजे तितकीच जुनी. इअरफोनचंही तसंच. वॉकमनला चार्जर आणि इअरफोन दोन्हींसाठी कंपनीचं स्वतःचं चपटं तोंड आहे, त्याची पिन कुडाळच्या बाजारात मागून बघा! नोकियाला साडेतीन मिलिमीटरची साधी गोल पिन लागते, ती कुठल्याही नाक्यावर मिळते.

रेडिओ दोन्हींत आहे. नोकियाचा इअरफोनशिवायही लागतो, पण डोंगराच्या कुशीत घर असेल तर वायर जोडलेलीच बरी, कारण वायर हाच अँटेना. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कितीतरी गावं अंधारात होती आणि मोबाइलला रेंज नव्हती. अशा वेळी रेडिओ आणि काढता येणारी बॅटरी लागते. नोकियाची १४५० एमएएचची बॅटरी झाकण उघडून बदलता येते, भरलेली दुसरी जवळ ठेवता येते. वॉकमनचीही बॅटरी निघते, पण आज नवी म्हणून मिळणारी खरोखर किती नवी, याची खात्री कोण देणार?

स्मार्टफोन पूर्ण सोडणार असाल तर हेही बघा: नोकिया २६६० वर व्हॉट्सअॅप नाही आणि क्यूआर स्कॅन करून पैसे देता येत नाहीत. साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे, म्हणजे इंटरनेटशिवाय फोन लावून पैसे द्यायची सोय, आहे, पण मासळीबाजारात घाईच्या वेळी ते जमवणं कठीण. खिशात रोख ठेवा.

फ्लिपचा हट्ट नसेल तर नोकिया ५७१० एक्सप्रेसऑडिओ बघा. किंमत आली तेव्हा ४,९९९ होती. गाण्यांची बटणं बाजूला आहेत, पाठीमागे सरकत्या झाकणाखाली बिनवायरचे इअरबड ठेवलेले असतात. गाण्यासाठी तो २६६० पेक्षा सरस आहे. फक्त बड घामाने ओले असताना तसेच आत ठेवू नका, पुसून ठेवा.

घरात दुसरा चालता फोन आहे आणि कान चोखंदळ आहेत, तरच डब्ल्यू९८० घ्या. घेताना फोटोवर जाऊ नका. हातात घेऊन सावकाश उघडा, मध्ये थांबवा, पुन्हा मिटा. पडदा एकदाही लुकलुकला तर परत द्या. इअरफोन जोडून दोन्ही कानांत आवाज येतो का ते ऐका, मूळ इअरफोन आणि चार्जर सोबत असल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची तयारी असू द्या.