जुबिलीचे इंग्रजी कडे की कच्छी कडे?

नेरुळच्या माझ्या थोरल्या बहिणीला लेकीच्या लग्नात जुने चांदीचे कडे द्यायचे आहे. तिच्यासमोर दोन आहेत: व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, त्या जुबिलीनिमित्त १८८७ मध्ये घडवलेले, बिजागरीचे इंग्रजी कडे, आणि साधारण त्याच काळातले, वेलबुट्टीचे भरीव कच्छी कडे.

इंग्रजी कड्याची फुले केवळ शोभेची नाहीत. गुलाब इंग्लंडचा, काटेरी थिसल स्कॉटलंडचे आणि तीन पानांचा शॅमरॉक आयर्लंडचा, अशी ही तीन राज्यांची खूण एकत्र गुंफलेली असते. आतल्या बाजूचे ठसेही बोलके असतात: चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम शहरात तपासलेले, एक अक्षर सालाचे. शिवाय राणीच्या मुखाचा ठसा असेल, तर घडण १८९० मध्ये चांदीवरचा कर उठण्यापूर्वीची आहे, हे समजते. कच्छी कड्यावर बहुधा असा ठसा नसतो, म्हणून नौपाड्यातल्या ओळखीच्या सराफाकडून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खरा फरक कामात आहे. इंग्रजी कड्यावर टोकदार कोरणीने चांदी कोरून काढलेली असते, कच्छी कड्यावर ठोकून उठाव आणलेला असतो. मी भिंग लावून पाहिले, तेव्हा इंग्रजी कड्यावर पानांच्या रेषा तीक्ष्ण होत्या, तळाशी चमकत होत्या, पण मधला गुलाब वर्षानुवर्षांच्या घासण्याने सपाट झाला होता आणि त्याच्या पाकळ्या बोटाला लागतच नव्हत्या. गेलेले कोरीव काम परत आणता येत नाही. पुन्हा कोरले तर ते मूळ राहत नाही. नुसते ओतीव असते, तर रेषांच्या कडा मऊ आणि तळ खरखरीत दिसला असता, तसे मात्र नव्हते.

इंग्रजी कडे पोकळ असल्याने ठाण्याच्या लोकलमध्ये दांड्यावर आपटले की पोचा येतो आणि आतून हात पोहोचत नसल्याने तो काढणे कठीण जाते. भरीव कच्छी कडे असे सहज दबत नाही. खाडीच्या काठावर, जिथे चिखलातून गंधकाचा वास येतो, तिथे दोन्ही लवकर काळवंडतील. त्यावर रिठ्याचे पाणी आणि मऊ कापड पुरते, रासायनिक द्रावात मात्र बुडवू नये, कारण रेषांतला काळेपणा गेला की नक्षी उठून दिसत नाही.

मोडीत दोन्हींचे पैसे वजनावरच मिळतील. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, हे लेकीने परदेशी जायचे ठरवले तर आधी आठवावे.

गुलाब शाबूत असता, तर साल हातात धरता येते म्हणून मी जुबिलीचेच घ्यायला सांगितले असते. तो झिजला आहे आणि भाची रोज नेरुळहून ठाण्याला जाते. म्हणून मी बहिणीला कच्छी कडे घ्यायला सांगितले आहे, टंच समाधानकारक निघाला तर.