बॅकअपची डिस्क: एक्सफॅट घ्यावी की एनटीएफएस?

बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्यायचा झाला, तर फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा, विचार फार काळ करावा लागत नाही. त्यात फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटच राखलेले आहेत, त्यामुळे ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर लिहिताच येत नाही, मग डिस्कवर कितीही जागा रिकामी असो. बॅकअपचे तुकडे पाडून वेळ निभावता येते. परंतु एखादा तुकडा खराब झाला की बाकीचेही बहुधा निकामी ठरतात.

खरी निवड उरते ती एक्सफॅट आणि एनटीएफएस या दोन फाइल सिस्टिममध्ये. दोन्हींची फाइलच्या आकाराची कमाल मर्यादा घरगुती वापराच्या इतकी पलीकडे आहे की तिच्यावरून निर्णय करण्यात अर्थ नाही. एक्सफॅटची मोठी जमेची बाजू म्हणजे विंडोज, मॅकओएस आणि अलीकडचे लिनक्स या तिन्हींवर ती वाचता-लिहिता येते, तर मॅकओएस एनटीएफएसची डिस्क स्वतःहून केवळ वाचते.

माझा कौल फिरला तो लहान फाइलींमुळे. विंडोजमध्ये ३२ जीबीहून मोठी डिस्क एक्सफॅटने फॉरमॅट करताना अॅलोकेशन युनिट (फाइलीला जागा देण्याचा सर्वांत लहान तुकडा) वेगळे निवडले नाही, तर ते १२८ केबी धरले जाते. म्हणजे २ केबीची टिपणाची फाइलसुद्धा १२८ केबी अडवून बसते. अशा एक लाख फाइली असतील, तर जेमतेम २०० एमबीचा मजकूर १२ जीबीहून अधिक जागा खातो. माझ्या बॅकअपमध्ये प्रत्येक ईमेलची स्वतंत्र फाइल, प्रोग्रॅमचा कोड आणि सेटिंगच्या बारीकसारीक फाइलीच जास्त असतात, आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ व ‘साइझ ऑन डिस्क’ या दोन ओळींतली तफावत पाहिली की ती डिस्क वेळेआधी का भरते, हे लगेच उमगते. फॉरमॅट करतानाच लहान युनिट निवडता येते हे खरे. पण भरलेल्या डिस्कवर तो बदल करायचा, तर आधी सगळा डेटा दुसरीकडे हलवावा लागतो.

एनटीएफएसमध्ये १६ टीबीपर्यंतच्या डिस्कवर हे युनिट सहसा ४ केबीचे असते, आणि काहीशे बाइटची फाइल तर डिस्कवरच्या सगळ्या फाइलींच्या मुख्य नोंदतक्त्यातच मावते. शिवाय फाइल सिस्टिमच्या रचनेतील बदलांची आगाऊ नोंद ठेवणारे जर्नल तिच्यात आहे, जे एक्सफॅटमध्ये नाही. कॉपी चालू असताना केबल निसटली, तर अर्धवट लिहिलेली फाइल जर्नलमुळे बचावत नाही, परंतु फोल्डरांची घडी विस्कटण्याची शक्यता कमी होते.

ज्यांचा बॅकअप मुख्यतः व्हिडिओ आणि मोठ्या इमेजचा आहे, त्यांना १२८ केबीचे युनिट कदाचित जाणवणारही नाही. मॅकवरूनही लिहिणे आवश्यक असेल, तर एक्सफॅटच सोयीची. फक्त लहान फाइली एकत्र झिप करून ठेवाव्यात. डिस्क केवळ विंडोजला जोडली जाणार असेल, तर मात्र मी एनटीएफएस सुचवीन. लिनक्सवाल्यांनाही ती वर्ज्य नाही, कारण २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ आवृत्तीपासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, तिच्यावर लिहू शकणारा नवा ड्रायव्हर आहे.