चार्ल्सटन आणि सव्हाना: वसंतातील बससहल कुठे जमली, कुठे हुकली

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील जुनी शहरे पाहायला मार्चची अखेर आणि एप्रिलचा पूर्वार्ध हा उत्तम काळ. अझेलिया बहरात असतात, उकाडा अजून सुरू झालेला नसतो आणि म्हणूनच चार्ल्सटन–सव्हाना मार्गावरील गट-सहलींच्या बसगाड्या या दिवसांत भरून वाहत असतात. भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन आम्ही अशीच एक सहल केली: आधी चार्ल्सटन, वाटेत ब्यूफर्टचा थांबा आणि शेवटी सव्हाना. सोयीसुविधांबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. मात्र ही दोन्ही शहरे मुळात पायी पाहायची आहेत, त्यामुळे बस आपल्याला कुठे उतरवते आणि तिथे किती वेळ देते यावरच सहलीचा दर्जा ठरतो. हे गणित सव्हानामध्ये उत्तम जमले, चार्ल्सटनमध्ये मात्र बरेच हुकले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. बस स्वच्छ होती, सामान खोलीच्या दारातून उचलले जात होते आणि बसमधल्या जागा रोज बदलत असल्यामुळे पुढच्या रांगेवरून कुरबुरी झाल्या नाहीत. टूर मॅनेजर संपूर्ण प्रवासात सोबत असतो, तर प्रत्येक शहरात स्थानिक गाइड वेगळा येतो. पायी फिरताना सर्वांना हेडसेट दिले जात असल्याने मागे राहणाऱ्या ज्येष्ठांनाही बोलणे नीट ऐकू येत होते.

चार्ल्सटनची पहिली सकाळ बसच्या काचेतून गेली. ईस्ट बे स्ट्रीटवरील रेन्बो रो, म्हणजे तेरा रंगीत घरांची प्रसिद्ध ओळ, बसच्या एका बाजूच्या प्रवाशांना दिसली आणि दुसऱ्या बाजूच्यांना समोरच्यांची डोकी दिसली. मोठी बस जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांत शिरू शकत नाही, आणि शहराचे खरे वैशिष्ट्य नेमके त्या गल्ल्यांतच आहे. इथली पारंपरिक घरे रस्त्याकडून पाहिली तर जेमतेम एका खोलीच्या रुंदीची असतात. त्यांची लांबी आत, आवाराच्या दिशेने जाते आणि त्या लांब बाजूला एकावर एक व्हरांडे असतात, जणू आपली पुढची पडवी उचलून कुशीला लावली आहे. रस्त्यावरचे दार उघडले की माणूस घरात नव्हे, त्या व्हरांड्यात पोहोचतो. भिंतींवर जागोजागी लोखंडी चकत्या दिसतात. 31 ऑगस्ट 1886 च्या भूकंपानंतर खिळखिळ्या झालेल्या भिंती एकमेकींशी बांधून ठेवण्यासाठी आरपार लोखंडी सळ्या घातल्या गेल्या, त्यांची ही टोके. स्थानिक गाइडने पायी फेरीत हे सगळे हात लावून दाखवले, पण त्या फेरीला दुपारच्या जेवणापूर्वीचा उरलासुरला वेळच मिळाला.

याहून गंभीर आक्षेप कार्यक्रमाच्या निवडीवर आहे. अ‍ॅश्ली नदीकाठच्या मॅग्नोलिया प्लँटेशनला, म्हणजे जुन्या मळ्याला आणि त्याच्या बागेला, अर्धा दिवस दिला होता, आणि काळ्याशार पाण्यात उतरलेले अझेलियांचे गुलाबी प्रतिबिंब पाहता तो वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. तथापि तिथेच गुलाम कुटुंबांच्या झोपड्या जतन केलेल्या आहेत आणि त्यांची माहिती देणारी वेगळी फेरी आहे. ती आमच्या कार्यक्रमात नव्हती. या भागाची संपत्ती प्रामुख्याने भातशेतीतून आली आणि ती शेती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या श्रमावर आणि कौशल्यावर उभी होती, हे बागेतल्या फेरीत एका वाक्यात उरकले गेले. शहरात रस्त्यावर उघड लिलाव करण्यास 1856 मध्ये बंदी आल्यानंतर गुलामांची विक्री बंदिस्त जागांत होऊ लागली. चाल्मर्स स्ट्रीटवरील अशीच एक जागा आज संग्रहालय आहे, आणि आमचा गट तिच्या दारावरून आत न जाता पुढे गेला. 2023 मध्ये गॅड्सडेन धक्क्यावर सुरू झालेले आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचे संग्रहालयही मोकळ्या वेळेत, स्वतःच्या खर्चाने पाहावे लागले. फोर्ट सम्टरची बोटफेरी मात्र कार्यक्रमात होती. 12 एप्रिल 1861 रोजी याच किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्धाला तोंड फुटले, ही कथा सांगायची आणि ते युद्ध ज्या गुलामगिरीवरून झाले तिच्या खुणा चुकवायच्या, हे नियोजन पटण्यासारखे नाही.

सव्हानामध्ये चित्र पालटले. मुक्काम जुन्या शहरातच असल्यामुळे बसची गरजच उरली नाही. जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्प याने 1733 मध्ये आखलेल्या या शहरात वस्तीच्या प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी एक चौकोनी बाग आहे. एकूण 24 पैकी 22 आजही टिकून आहेत, त्यामुळे दर काही मिनिटांनी सावली आणि बाक सापडतो. गुडघ्यांची तक्रार असलेल्या आईनेही इथे सगळी फेरी पूर्ण केली. ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटांना सगळे शेवाळ समजतात, प्रत्यक्षात ती अननसाच्या कुळातील वनस्पती आहे. अशाच एका चौकातली जुनी मंडई 1954 मध्ये पाडून तिथे वाहनतळ बांधला गेला, त्या संतापातून पुढच्याच वर्षी काही महिलांनी एकत्र येऊन डॅव्हनपोर्ट हाउस हे जुने घर पाडण्यापासून वाचवले आणि कालांतराने तो वाहनतळ पाडून, गाड्या जमिनीखाली नेऊन, वर पुन्हा चौक उभा राहिला, ही हकिकत इथल्या गाइडने त्याच चौकात उभे राहून रंगवून सांगितली. फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमिनीच्या फळ्यांना पाडलेली नक्षीदार छिद्रे दाखवली. पळून आलेल्या गुलामांना खाली लपवले जाई आणि त्यांना हवा मिळावी म्हणून ती होती, असे तिथे सांगितले जाते. चार्ल्सटनमध्ये जे राहून गेले होते ते इथे तासाभरात भरून निघाले.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी आधीच कळवून ठेवावे, आणि तरीही प्रत्येक वेळी विचारावे. इथल्या पालेभाज्यांत बहुधा डुकराचे मांस शिजवलेले असते आणि टोमॅटो घालून शिजवलेल्या इथल्या लाल भातातही ते आढळते. आफ्रिकन गुलामांबरोबर या किनाऱ्यावर आलेल्या तिळांची पातळ, खुसखुशीत बिस्किटे मात्र वडिलांना इतकी आवडली की परतीच्या सामानात त्यांचेच डबे अधिक होते.

ज्यांना गाडी चालवणे आणि पार्किंग शोधणे नको आहे, त्यांनी ही सहल अवश्य घ्यावी. तरुणांनी मात्र दोन्ही शहरे स्वतंत्रपणे पाहावीत, कारण त्यांच्यामधले अंतर गाडीने सुमारे दोन तासांचेच आहे. नोंदणीपूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: चार्ल्सटनचे हॉटेल जुन्या शहरात आहे की महामार्गालगत, आणि कोणत्या संग्रहालयांचे प्रवेशशुल्क समाविष्ट आहे. टूर मॅनेजर आणि चालक यांची टिप सहसा वेगळी द्यावी लागते, तिची तरतूद ठेवावी. 17 मार्चच्या आसपासची तारीख टाळावी, कारण सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीसाठी सव्हानामध्ये अफाट गर्दी लोटते. पाइनच्या परागकणांची पिवळी भुकटी या दिवसांत बाकांपासून बसच्या काचांपर्यंत सर्वत्र साचते, त्यामुळे दम्याचा किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास असणाऱ्यांनी औषधे मोठ्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवावीत.