घरच्या जलतरण तलावातील चिवट शेवाळ : क्लोरिनचा मारा, मोरचूद की तलाव रिकामा?

कर्जत, अलिबाग, लोणावळा या पट्ट्यातील बंगल्यांमध्ये आणि फार्महाउसांमध्ये बांधलेले बहुतेक तलाव शनिवार-रविवारीच वापरले जातात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत पंप बंद राहतो आणि शुक्रवारी रात्री मालक पोहोचतो तेव्हा पाणी हिरवे झालेले असते. अशा वेळी तीन माणसे तीन सल्ले देतात. केअरटेकर ब्लीचिंग पावडर टाकू म्हणतो, रसायनांचा विक्रेता अ‍ॅल्गीसाइडची (शेवाळनाशकाची) बाटली किंवा मोरचूद पुढे करतो आणि तलाव बांधणारा ठेकेदार पाणी उपसून अ‍ॅसिडने धुण्याचा खर्च सांगतो. यांपैकी कोणताही सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु शेवाळ कोणत्या जातीचे आहे आणि पाण्यात स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरिन टिकवणारे रसायन) किती साचला आहे, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही. पुढील हिशेबासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल, म्हणजे ३८,४०० लिटर पाण्याचा टाइल्सचा तलाव धरला आहे.

प्रथम ओळख पटवून घ्यावी. पाणी गढूळ हिरवे आणि भिंती बुळबुळीत असतील, तर ते साधे हिरवे शेवाळ होय. ते दिसायला भीषण असले तरी मारायला सर्वांत सोपे. सावलीच्या बाजूला पिवळसर धुळीसारखा थर बसत असेल, ब्रश फिरवताच तो उडत असेल आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा त्याच जागी येत असेल, तर ते पिवळे शेवाळ. ते शिडीच्या मागे, दिव्यांच्या खोबणीत आणि खेळण्यांवरही दडून राहते. टाइल्सच्या सांध्यांत काळे ठिपके असून ते नायलॉनच्या ब्रशने निघत नसतील, तर ते काळे शेवाळ. खरे पाहता ते शेवाळ नसून नील-हरित जिवाणूंची वसाहत असते, तिच्यावर संरक्षक थर असतो आणि ती सिमेंटच्या छिद्रांत खोलवर शिरते. याखेरीज चौथी शक्यता आहे आणि ती कोकणात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जांभ्याच्या प्रदेशातील बोअरच्या पाण्यात लोह असेल, तर क्लोरिन टाकल्यावर पाणी तपकिरी किंवा हिरवट होते, पण सुरुवातीला तळ स्पष्ट दिसतो. पारदर्शक हिरवे पाणी हा बहुधा धातूचा रंग असतो आणि त्यावर शेवाळाचे औषध ओतणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे सायन्यूरिक आम्ल, म्हणजेच स्टॅबिलायझर. ते उन्हापासून क्लोरिनचे रक्षण करते; ते मुळीच नसेल, तर भर उन्हात पाण्यातील निम्मे क्लोरिन तासाभरातच नाहीसे होते. मात्र हेच आम्ल क्लोरिनला धरूनही ठेवते, आणि त्याचे प्रमाण वाढत गेले की क्लोरिन चाचणीत दिसते पण शेवाळावर चालत नाही. शेवाळ होऊ नये यासाठी मुक्त (अजून खर्च न झालेले) क्लोरिन स्टॅबिलायझरच्या साधारण साडेसात टक्के असावे लागते, आणि झालेले शेवाळ मारण्यासाठी ते साधारण चाळीस टक्क्यांवर टिकवावे लागते. स्टॅबिलायझर ३० पीपीएम (म्हणजे लिटरमागे ३० मिलिग्रॅम) असेल तर १२ पीपीएम क्लोरिन पुरते. तो १०० झाला असेल तर ४० लागते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या टीसीसीए ९० या गोळ्यांत क्लोरिनबरोबर हे आम्लही असते आणि १० पीपीएम क्लोरिनमागे सुमारे ६ पीपीएम आम्ल पाण्यात उतरते. रोज २ पीपीएम क्लोरिन केवळ गोळ्यांतून दिले, तर महिन्याला सुमारे ३५ पीपीएमची भर पडते. क्लोरिन खर्च होते, पण आम्ल उडून जात नाही. माझ्या मते ‘चिवट’ म्हणून ज्या शेवाळाची तक्रार होते, त्यातील बरेचसे जातीने चिवट नसते; गोळ्यांनीच ते चिवट केलेले असते. दुर्दैवाने, स्वस्त किटमध्ये क्लोरिन आणि पीएच एवढेच मोजता येते. म्हणून कोणत्याही रसायनावर खर्च करण्याआधी सायन्यूरिक आम्लाची चाचणी असलेला संच घ्यावा.

आता पहिला मार्ग, म्हणजे क्लोरिनचा सलग मारा. त्यासाठी कोणते क्लोरिन घ्यावे, हा या तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. वरील तलावात १२ पीपीएम गाठायला ४६० ग्रॅम शुद्ध क्लोरिन लागते. ते १० टक्क्यांच्या द्रवरूप हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइटच्या) साडेचार लिटरांतून, ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या सुमारे ७०० ग्रॅममधून किंवा साध्या ब्लीचिंग पावडरच्या सुमारे १.४ किलोतून मिळते. हायपो सर्वांत निर्धोक, कारण तो स्टॅबिलायझर वाढवत नाही आणि चुनाही सोडत नाही. पण उन्हात ठेवलेल्या कॅनमधील हायपोची ताकद काही आठवड्यांतच घटते, त्यामुळे ताजा आणि लागेल तेवढाच आणावा. ब्लीचिंग पावडर सर्वत्र मिळते आणि स्वस्तही असते, परंतु तिच्यातील चुन्याने पाणी दुधाळ होते. ती वापरायचीच असेल, तर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणीच तलावात ओतावे. बोअरचे पाणी मुळात जड असेल, तर कॅल्शियमची दोन्ही रसायने टाळलेली बरी. टीसीसीए या कामासाठी मुळीच घेऊ नये. ते कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या संपर्कात आले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो, म्हणून दोन्हींसाठी एकच माप किंवा एकच डबा कधीही वापरू नये.

हा मार्ग एका रात्रीचा नाही. क्लोरिन वाढवण्याआधी पीएच ७.२ च्या आसपास आणावा, कारण क्लोरिन १० पीपीएमच्या वर गेल्यावर पीएचची चाचणी विश्वासार्ह राहत नाही. त्यानंतर पंप अखंड चालवावा, भिंती, कोपरे आणि शिडीमागची जागा रोज घासावी, क्लोरिन दिवसातून दोन-तीनदा मोजून पुन्हा ठरलेल्या पातळीवर आणावे आणि फिल्टरचा दाब स्वच्छ स्थितीपेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश करावा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवावा. पाणी काचेसारखे स्वच्छ झाले, सूर्यास्तानंतर मोजलेले क्लोरिन पहाटेपर्यंत १ पीपीएमहून अधिक उतरले नाही आणि संयुक्त क्लोरिन (घाणीशी संयोग होऊन निकामी झालेले) ०.५ पीपीएमच्या आत आले, म्हणजे काम झाले. पाणी नुसते निळे दिसू लागताच थांबणे हे शेवाळ परत येण्याचे नेहमीचे कारण आहे. पिवळ्या शेवाळासाठी तलाव स्वच्छ झाल्यावर आणखी एक दिवस क्लोरिन माऱ्याच्या पातळीच्या दीडपट ठेवावे लागते आणि जाळ्या, ब्रश, खेळणीही त्याच पाण्यात बुडवून घ्यावी लागतात. या मार्गाचा खरा खर्च रसायनांचा नसून विजेचा आणि हजर माणसाचा आहे. आठवडाभर चाचणी घेणारे कोणी नसेल, तर तो अर्धवट राहतो.

दुसरा मार्ग मोरचुदाचा. सुपारीच्या आणि द्राक्षांच्या बागांत बोर्डो मिश्रणासाठी लागत असल्यामुळे मोरचूद कृषी सेवा केंद्रात सहज मिळते, आणि तांबे शेवाळाला मारते यात शंका नाही. अडचण मात्रेची आहे. मोरचुदात एक चतुर्थांश तांबे असते. १,००० लिटरला ४ ग्रॅम टाकले की १ पीपीएम तांबे होते. अंदाजाने किलोभर टाकले, तर आपल्या तलावात तांबे साडेसहा पीपीएमवर जाते. एवढे तांबे पाण्यात टिकत नाही. पीएच वाढला की ते भिंतींवर हिरवट-काळ्या डागांच्या रूपाने उतरते आणि मग हे डाग काळे शेवाळ समजून घरमालक पुन्हा औषध शोधू लागतो. पिकलेल्या केसांना हिरवी झाक येते ती वेगळीच. तांबे काढायचे तर पाणी बदलण्यावाचून सोपा उपाय नाही, आणि बॅकवॉशचे पाणी ओढ्यात गेले तर मासे मरतात. बाटलीतील तांबेविरहित अ‍ॅल्गीसाइड याहून सौम्य असतात. त्यांतील स्वस्त प्रकार फेस करतात, पॉलिक्वॉट प्रकार करत नाही. पण दोन्ही मुख्यतः प्रतिबंधाची औषधे आहेत. तलाव काही आठवडे बंद ठेवून परदेशी जायचे असेल, तर पॉलिक्वॉट घालून जाणे शहाणपणाचे आहे. आधीच हिरव्या झालेल्या पाण्यावर ते खर्च करू नये.

तिसरा मार्ग पाणी उपसण्याचा. तलाव पूर्ण रिकामा करणे आणि काही पाणी बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ठेकेदार त्यांत फरक करतोच असे नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे कोकणात भूजल वर आलेले असते; त्या वेळी रिकामा तलाव खालच्या पाण्याच्या दाबाने उचलला जाऊ शकतो किंवा त्याला तडे जातात, फायबरच्या तलावाच्या बाबतीत तर हा धोका अधिकच. उन्हाळ्यात रिकामा ठेवला तर टाइल्स तापून सुटतात. अ‍ॅसिडने धुण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : टाइल्सच्या तलावात ते बहुधा नुकसानच करते, कारण अ‍ॅसिड सांध्यांतील सिमेंट खाते, सांधे अधिक सच्छिद्र होतात आणि काळ्या शेवाळाला पुढच्या वेळी जास्त जागा मिळते. शिवाय क्लोरिनच्या अवशेषांवर अ‍ॅसिड पडले तर विषारी वायू निघतो.

याउलट स्टॅबिलायझर १०० पीपीएमला पोहोचला असेल, तर दोन तृतीयांश पाणी बदलणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. न बदलता ४० पीपीएम क्लोरिन गाठायला पहिल्याच दिवशी १५ लिटरहून अधिक हायपो लागतो आणि पुढेही त्याच प्रमाणात भर घालावी लागते; बदलले, तर सुमारे २५,६०० लिटर म्हणजे १०,००० लिटरचे अडीच टँकर लागतात आणि पुढचा सगळा मारा एक तृतीयांश होतो. तेही एकदम न उपसता दोन-तीन टप्प्यांत करावे, मात्र टप्प्यांनी बदलताना एकूण पाणी याहून जास्त लागते. कोकणात पावसाळा दोन मीटरहून जास्त पाणी देतो, म्हणजे आपल्या तलावाच्या खोलीपेक्षा अधिक; पंप चालू ठेवून तलाव ओसंडू दिला तर स्टॅबिलायझर फुकटात उतरतो, मात्र क्लोरिनही उतरते याचे भान ठेवावे लागते.

तुरटी हा स्वतंत्र मार्ग नाही. ती शेवाळ मारत नाही, मेलेले खाली बसवते. फिल्टर बंद ठेवून पाणी रात्रभर निवळू द्यावे आणि सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढावा. तिने पीएच उतरतो, तो नंतर सावरून घ्यावा.

तेव्हा स्टॅबिलायझर ५० पर्यंत आणि शेवाळ हिरवे असेल, तर ताज्या हायपोचा मारा पुरे. स्टॅबिलायझर ९० च्या पुढे असेल, तर आधी पाणी बदलावे. पिवळ्यासाठी तोच मारा, पण अधिक चिकाटीने. काळ्या शेवाळाच्या बाबतीत मात्र मारा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक ठिपका स्टीलच्या ब्रशने, टाइलच्या चकाकीला न लागता फक्त सांध्यावर घासून, वरचा थर फोडावा लागतो. एवढे करूनही ते एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येत असेल, तर तेथील सांधे कोरून इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी राळेचे सांधेभरण) भरून घ्यावेत आणि त्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये, भूजल खाली असताना, पाणी फक्त त्या रेषेपर्यंत उतरवावे.