‘मूळ १९६० चं पोस्टर’ म्हणून माझे २,१५,५०० रुपये गेले

जुन्या सिनेमांची पोस्टरं, शोकार्डं, गाण्यांच्या चोपड्या विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. आकडा आधीच सांगून टाकतो. पोस्टरचे ६५,०००, ‘मूळ रंगचित्रा’चे १,३८,००० आणि पॅकिंग-विम्याच्या नावाखाली १२,५००. एकूण २,१५,५००. सगळे पैसे बँकेतून गेले, सगळ्याची नोंद माझ्याकडे आहे, बिलावर जीएसटी नंबरसुद्धा आहे. म्हणजे रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसाच्या हातात मी नोटा कोंबल्या नाहीत.

मी कोल्हापूरचा. उभी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. ज्या गावात बाबुराव पेंटरांनी सिनेमे काढले आणि त्यांची पोस्टरंही स्वतःच केली, त्या गावात वाढलेल्या माणसाला पोस्टर म्हणजे काय हे मुंबईच्या दुकानदाराने शिकवायची गरज नाही. जी. कांबळे तर आमचेच. राजकमलसाठी व्ही. शांतारामांच्या सिनेमांची पोस्टरं त्यांनी केली आणि ‘मुघल-ए-आझम’च्या प्रचाराची चित्रंही त्यांच्याच हातची. १९६० च्या ऑगस्टमध्ये मराठा मंदिरला तो सिनेमा लागला तेव्हाच्या बोर्डांची वर्णनं मी थोरामोठ्यांकडून ऐकत आलो. त्यातलं एखादं खरं काही घरात असावं, ही इच्छा फार जुनी. निवृत्तीचे पैसे आल्यावर ती पुरी करायला निघालो, यात माझं काय चुकलं?

विकणारा दक्षिण मुंबईतला. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. बोलणं गोड, ‘सर, सर’ करणारं, आणि माहिती पक्की. पोस्टर रंगवणारे एस. एम. पंडित गुलबर्ग्याचे, ‘दीवार’चं पोस्टर दिवाकर करकरेंचं, कोण कुठल्या स्टुडिओत होतं, सगळं तोंडपाठ. असा माणूस लबाड असेल असं कुणाला वाटेल? पुढे कळलं की ही माहितीच त्याचं भांडवल आहे.

या धंद्यात लबाडी इतकी बिनबोभाट का चालते तेही सांगतो. थिएटरवरचा रंगवलेला बोर्ड सिनेमा उतरला की पांढरा फासून पुढच्या सिनेमासाठी वापरायचे. पोस्टरं भिंतींना चिकटवली जायची आणि पावसात गळून पडायची. मूळ डिझाइन छापखान्यात किंवा निर्मात्याकडे जायचं, ते चित्रकाराकडे क्वचितच परत यायचं. ठरलेले पैसे दिले की हिशेब संपला. कुणी यादी ठेवली नाही, कुणी नोंद केली नाही, कित्येकांना खाली सहीसुद्धा करू दिली नाही. त्यामुळे आज कुणीही उठतो आणि ‘ब्लॉकमेकरच्या (छपाईचे ठसे बनवणाऱ्याच्या) गोदामात सापडलं’ म्हणतो. खोटं पाडायला तुमच्यापाशी कागद नसतो. त्याच्यापाशी मात्र प्रमाणपत्र असतं, त्यानेच छापलेलं. प्रमाणपत्राला एक पैशाची किंमत देऊ नका.

आधी ‘मुघल-ए-आझम’चं पोस्टर आलं. आता जे लिहितोय ते आठवलं की आजही रात्री डोळा लागत नाही. टेबलावर पसरलं तेव्हा मधोमध आडवी-उभी घडीची खूण होती. जुनी पोस्टरं घड्या घालूनच थिएटरांना जायची, त्यामुळे खूण असणं बरोबरच. मी त्या घडीवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. खऱ्या घडीवर कागदाचे तंतू तुटलेले असतात, रंग उडून पांढरी रेघ वर येते, ती नखाला लागते. इथे रेघ दिसत होती आणि हाताला कागद सपाट गुळगुळीत. म्हणजे घडीसकट चित्र छापलेलं होतं! मी त्याच संध्याकाळी फोन करून विचारलं. तो म्हणाला, “सर, मागून कापड लावून प्रेस केलंय, घड्या बसल्यात.” आणि असं करतातही. पोस्टर जतन करणारे खरोखर मागून कापड लावतात, घड्या बसवतात. जाणत्या माणसालाच पटेल असं उत्तर त्याने जाणत्या माणसाला दिलं. कापड उचकटून बघायला हवं होतं, असं आता सगळे सांगतात. ६५,००० ची वस्तू घरी आल्या दिवशी कोण उचकटतं?

दुसरी गोष्ट खालच्या कोपऱ्यातली. व्यवहाराआधी त्याने पाठवलेल्या प्रत्येक फोटोत पोस्टरचा खालचा डावा कोपरा त्याच्या अंगठ्याखाली होता. पोस्टर धरायचं म्हणजे अंगठा कुठेतरी येणारच, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही. प्रत्यक्षात तिथे छापखान्याची ओळ होती, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि पत्त्यापुढे सहा आकडी पिनकोड. पिनकोड देशात आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी मुंबईचा पत्ता ‘बॉम्बे ४’, ‘बॉम्बे ७’ असा लिहीत. नंतरच्या कुठल्यातरी पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरवरून स्कॅन मारला आणि ती ओळ पुसायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. पुनर्प्रदर्शनाचं पोस्टर अस्सल असतं, पण त्याची किंमत कितीतरी कमी. हे तर तेही नव्हतं. भिंगाखाली धरलं तर छपाईचे ठिपके ओळीने दिसायला हवेत, शिळाछपाई (दगडावरून केलेली छपाई) असेल तर रवाळ पोत दिसायला हवा. इथे इंकजेटचे अस्ताव्यस्त शिंतोडे. चांगलं भिंग फार महाग नसतं. ते आधी घ्या, पोस्टर मागून.

हे सगळं उघड झालं तोवर त्याच्याकडूनच घेतलेल्या ‘मूळ रंगचित्रा’चे पैसेही गेले होते. कॅनव्हास, खाली ‘जी. कांबळे’ अशी सही, हाताला रंगाचा खडबडीतपणा. सकाळचं ऊन तिरपं पडलं तेव्हा कळलं. ब्रशच्या रेघा चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून, दागिन्यांवरून एकाच दिशेने सरळ गेलेल्या. गाल रंगवणाऱ्याचा ब्रश गालाच्या गोलाईने वळतो, हे मी सातवीच्या पोरांना शिकवलंय. इथे छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेल फासलं होतं. फोटोवर चित्र घेऊ नका. तिरप्या उजेडातला व्हिडिओ मागा, पाठीमागची बाजू मागा. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा.

परतफेड मागितली तर आधी ‘बघतो सर’, मग फोन बंद.

आता अधिकाऱ्यांचं. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, फोन केला. हा क्रमांक पैसे गेल्या गेल्या, ते खात्यातून पुढे सरकायच्या आत उपयोगी पडतो, मला उशीर झाला होता. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘ही दिवाणी बाब आहे’. मुंबईला जा म्हणाले. मुंबईत म्हणाले, राहता तिथे तक्रार द्या. तक्रार वाचताना एका अधिकाऱ्याने विचारलं, “कागदाच्या तुकड्याला दोन लाख? आणि हे कांबळे कोण?” त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र होतं, सरकारने अधिकृत म्हणून मान्य केलेलं. ते जी. कांबळेंनीच काढलंय! मी बोट दाखवून सांगितलं. त्याने वळून पाहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. माझे पैसे बुडाल्याचा राग एकीकडे, पण हा राग वेगळा आहे. सिनेमाची चित्रं काढणाऱ्याला जिवंतपणी बाजारू ठरवून कुणी मोजलं नाही, आणि आज त्याच्या नावावर लाखोंची लूट होते तेव्हाही ‘कागदाचा तुकडा’ म्हणून हात झटकायचे. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनीही मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवले होते, त्यांचं नाव घेतलं असतं तर कदाचित खुर्ची मिळाली असती.

‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोचपावती ठेवा. मी तसं केल्यावरच अर्ज दाखल करून घेतला. न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ अर्जात लिहा. ते लिहायला त्यांनी सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं.

ग्राहक आयोगाकडे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझी तिथे दाखल आहे. समोरच्याच्या बिलावर फक्त ‘सजावटीचे प्रिंट’ असं लिहिलंय, आणि त्याचा वकील त्यावरच अडून बसलाय. म्हणून बिलावर ‘१९६० ची मूळ छपाई’ किंवा ‘हाताने रंगवलेलं मूळ चित्र’ असे शब्द लिहून घेतल्याशिवाय रुपया देऊ नका. माझ्याजवळ ते शब्द फक्त व्हॉट्सॲपवर आहेत. चॅट पुसू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा.

हाच माणूस सध्या ‘बरसात’चं ‘मूळ १९४९’ पोस्टर ९०,००० ला दाखवतोय. कुणी दक्षिण मुंबईतून अशी वस्तू ‘सजावटीचे प्रिंट’ लिहिलेल्या बिलावर घेतली असेल, तर आपापल्या जिल्ह्यात तक्रार दाखल करा. बिल, बँकेची नोंद आणि अंगठ्याचे ते फोटो सोबत जोडा.